तुम्ही विचारलंत म्हणून : दुमजली विमान आपल्या कंपन्यांनी का नाही घेतलं?

मुंबईच्या सहार विमानतळावर विमानांच्या कार्गोत, म्हणजे मालवाहतुकीत, नोकरी केलेला माणूस देवगडात राहायला आला की लोक त्याला दोन गोष्टी विचारतात. एक, दुबईच्या भाच्याला आंबा कसा पाठवायचा. दुसरी, "काकानू, ता दुमजली विमान आपल्या लोकांनी कित्याक घेवक नाय?" पहिल्याचं उत्तर मी फोनवर देतो. दुसरं फोनवर संपत नाही, म्हणून लिहून काढतोय.

दुमजली म्हणजे एअरबसचं ए380. सिंगापूर एअरलाइन्सने ते ऑक्टोबर 2007 मध्ये पहिल्यांदा प्रवाशांसाठी उडवलं. आसनं साधारण पाचशे, आणि नुसती इकॉनॉमी ठासून भरायची म्हटली तर 853 पर्यंत परवानगी. आपल्याकडे कुणाच्या मनातच आलं नाही असं मात्र नाही. किंगफिशरने 2005 मध्ये अशी पाच विमानं मागवली होती. ती आलीच नाहीत आणि 2012 मध्ये कंपनीही बसली. एअर इंडियाकडे जंबो, म्हणजे बोइंग 747, होती. पण 2023 मध्ये तिने 470 विमानांची मोठी ऑर्डर दिली, तेव्हा त्यात चार इंजिनांचं एकही विमान नव्हतं. सगळी दोन इंजिनांची.

मोठ्या विमानात माणशी खर्च कमी येतो हे खरं आहे. फक्त ते भरायला हवं. विमान कंपनीचे हिशोब दोन: एका खुर्चीला किती पडले आणि एका फेरीला किती पडले. विकणारा पहिला आकडा दाखवतो, चालवणाऱ्याच्या गळ्याशी दुसरा येतो. आपल्या गणपतीच्या गाड्याच बघा. चतुर्थीच्या आधी कोकणकन्येत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून रेल्वे जादा गाड्या सोडते आणि गौरी-गणपती गेले की काढून घेते. विमान असं काढून घेता येत नाही. चतुर्थीची गर्दी बघून ए380 घेतलं तर ते पितृपक्षातही तुमच्याच दारात उभं असतं, हप्त्यासकट. पाचशेतल्या दोनशे खुर्च्या रिकाम्या गेल्या तरी चारही इंजिनं इंधन पितात ती पितातच.

इंजिनांवरून आठवलं. पूर्वी लांबचा समुद्र ओलांडायला चार इंजिनं बरी, अशी समजूतही होती आणि नियमही होता. दोन इंजिनांच्या विमानाला उतरता येईल अशा विमानतळापासून तासाभरापेक्षा दूर जाता येत नसे. इंजिनं भरवशाची होत गेली तशी 1985 पासून ही मर्यादा दोन तास आणि 1988 पासून तीन तास झाली. मग 2011 मध्ये बोइंग 787 आलं आणि 2015 मध्ये ए350. अडीचशे-तीनशे माणसं, दोन इंजिनं, कमी इंधन, आणि गाव ते गाव थेट. ए380 चा सगळा डाव होता माणसं एका मोठ्या विमानतळावर गोळा करून पुढे पाठवण्याचा. लोकांना गोळा व्हायचंच नव्हतं. कोचीचा माणूस कोचीहूनच दुबईला जातो, तो मुंबईला कशाला येईल? आता तर आपल्या सावंतवाडीकडच्या लोकांना 2023 पासून गोव्याचा मोपा विमानतळ जवळ झालाय.

आता आंब्याकडे येतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे आणि पेपरात ती कधी येत नाही.

प्रवासी विमान नुसत्या तिकिटांवर चालत नाही. पायाखाली जे पोट असतं, बेली म्हणतो आम्ही, तेही कमावतं. आपला हापूस आखातात जातो तो बराचसा अशाच पोटातून. भरताना आधी प्रवाशांच्या बॅगा, मग उरलेल्या जागेत माल. आता बघा, ए380 च्या पोटात बॅगा-माल भरायचे नेहमीच्या मापाचे 38 डबे, म्हणजे कंटेनर, बसतात आणि दोन इंजिनांच्या बोइंग 777-300ईआरच्या पोटात 44. माणसं दीडपट, पण पोट लहान! वरच्या मजल्यावर जास्त माणसं बसवली म्हणून खालची जागा वाढत नाही. उलट पाचशे माणसांच्या बॅगा आल्या की डबे त्यांच्यातच जातात. त्यातून आखाताची फ्लाइट. दापोली, खेड, चिपळूणकडचा माणूस सुट्टी संपवून परत जाताना किती सामान नेतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आंबा तर जागा फार खातो. तो ठासून रचता येत नाही, बॉक्सना भोकं लागतात, मधून वारा खेळावा लागतो. म्हणून वजनाची मर्यादा बाकी असते आणि जागा संपलेली असते. एप्रिल-मेमध्ये कार्गोच्या शेडमध्ये उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, दुमजली विमान येतंय म्हटल्यावर एजंटचा चेहरा खुलत नसे. त्याला 777 हवं असायचं. ए380 चं निव्वळ मालवाहू रूपही काढायचं ठरलं होतं. फेडएक्स आणि यूपीएसने ऑर्डरी दिल्या, मग मागे घेतल्या.

"मग मुंबईसारख्या तुंबलेल्या विमानतळाला तरी मोठं विमान बरं ना?" हा पुढचा प्रश्न. त्यात तथ्य आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. उतरण्या-उडण्याच्या वेळा, म्हणजे स्लॉट, मिळत नाहीत. पण ए380 मागे हवेत एवढे भोवरे सोडतं की त्याच्या मागून येणाऱ्या मध्यम आकाराच्या विमानाला 7 नॉटिकल मैल अंतर ठेवावं लागतं. साध्या मोठ्या विमानामागे 5 पुरतात. म्हणजे स्लॉटमधलं थोडं कमावलेलं इथेच परत द्यायचं. शिवाय पंखांचा पसारा जवळजवळ 80 मीटर, त्याला उभं करायची जागाही वेगळी लागते.

हे विमान खऱ्या अर्थाने जमलं एमिरेट्सला. एकूण 251 प्रवासी ए380 कंपन्यांच्या हाती गेली, त्यातली 123 एकट्या एमिरेट्सची. त्यांचा धंदाच एका गावातून चालतो, दुबईतून. जग दुबईत उतरवायचं आणि दुबईतून पुढे न्यायचं. भारत आणि दुबई यांच्यातला उड्डाणाचा करार आठवड्याला किती आसनं यावर चालतो, किती फेऱ्या यावर नाही. आसनं वाढत नाहीत आणि मुंबईत स्लॉटही मिळत नाहीत, तर आहेत ती आसनं थोड्या फेऱ्यांत न्यायची, हा त्यांचा हिशोब बरोबर बसतो. आपल्या कंपन्यांकडे असं गोळा करणारं गावच नव्हतं. त्यांनी घेतलं नाही ते शहाणपणाने की पैसे नव्हते म्हणून, यावर वाद घाला. माझं मत विचाराल तर आधी पैसे नव्हते आणि शहाणपण नंतर आलं.

बाकीच्यांचं काय झालं? सिंगापूरने परत केलेली पहिली दोन विमानं जेमतेम दहा वर्षांची असतील, ती फ्रान्समध्ये तार्ब इथे सुटी करून विकली गेली. दुसरा गिऱ्हाईकच नव्हता. एअर फ्रान्सने 2020 मध्ये आपली काढून टाकली. शेवटचं नवं ए380 डिसेंबर 2021 मध्ये एमिरेट्सला गेलं आणि उत्पादन थांबलं. पण गंमत पुढे आहे. महामारीनंतर गर्दी परतली, बोइंगचं नवं मोठं विमान 777एक्स वर्षानुवर्षं लांबलं, तेव्हा लुफ्तान्सा आणि एतिहादने 2023 मध्ये झाकून ठेवलेली ए380 परत बाहेर काढली. कर्ज फिटलेलं किंवा मातीमोल झालेलं जुनं विमान चालवायला परवडतं, नवं घ्यायला परवडलं नसतं.

आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर ते उतरेल का, असं विचारणाऱ्यांसाठी: ऑक्टोबर 2021 मध्ये चिपीला मुंबईहून प्रवासी सेवा सुरू झाली ती सत्तरेक आसनांच्या एटीआर नावाच्या छोट्या विमानाने, सरकारी मदतीवर. ती सेवाही सलग टिकली नाही. सत्तर खुर्च्यांचाही रोजचा हिशोब जुळवावाच लागतो.

बसून बघायचंच असेल तर मुंबई-दुबईला एमिरेट्सचं ए380 येतं. तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघून घ्या, सगळ्या फेऱ्यांना ते नसतं. भाच्याचा आंबा मात्र 777 ला टाका.