ह्वेच्या राजसमाध्या: सातशे मीटर चाला आणि शेवटी कुलूप

व्हिएतनामला जाणाऱ्या आपल्या लोकांची आयटनरी साधारण ठरलेली असते. हनोई, हालाँग बेची क्रूझ, मग दा नांग आणि तिथला तो दोन हातांवर पेललेला सोनेरी पूल, झालं व्हिएतनाम. ह्वे त्यात बसतच नाही, किंवा बसलंच तर सकाळी दा नांगहून निघायचं, राजवाडा बघायचा, एक समाधी बघायची, जेवायचं आणि रात्रीपर्यंत परत. आम्ही मात्र ह्वेमध्येच मुक्काम टाकला होता, कारण मला या समाध्या नीट बघायच्या होत्या, आणि नवऱ्याला काय, बाइक मिळाली की तो कुठेही यायला तयार असतो.

थोडी पार्श्वभूमी. ह्वे ही न्गुयेन घराण्याची राजधानी, १८०२ ते १९४५. एकूण १३ राजे झाले पण समाध्या ७ च, कारण बाकीच्यांचं काही धड झालं नाही, कुणाला गादीवरून काढलं, कुणाला फ्रेंचांनी हद्दपार केलं. हाम न्घी नावाचा एक राजा तर पार अल्जीरियात वारला आणि शेवटचा बाओ दाई पॅरिसमध्ये. ज्यांचं राज्य नीट चाललं त्यांतल्या बहुतेकांनी जिवंतपणीच आपली जागा निवडून ठेवली. शहराच्या नैऋत्येला, परफ्यूम रिव्हरच्या वरच्या अंगाला, पाइनच्या टेकड्यांमध्ये या समाध्या विखुरल्यात. फेंगशुईचा सगळा हिशोब असतो, पाठीशी टेकडी, समोर पाणी, आणि समोर लांबवर एखादा डोंगर आडोशासारखा. १९९३ पासून ह्वेचा हा सगळा वारसा युनेस्कोच्या यादीत आहे.

आता मुद्द्यावर येते. मला सगळ्यात जास्त आवडली ती मिन्ह मांगची समाधी, आणि का आवडली हे सांगायलाच ही पोस्ट लिहितेय.

मिन्ह मांग हा दुसरा राजा, १८२० ते १८४१. कडक शिस्तीचा, कन्फ्यूशियसच्या विचारांचा पक्का, आणि त्याला १४२ मुलं होती, ७८ मुलगे आणि ६४ मुली (गाईड लोक हा आकडा सांगून झाल्यावर दोन सेकंद थांबतात, हसायला वेळ म्हणून). जागेसाठी चौदाएक वर्षं शोधाशोध चालली होती असं सांगतात. शेवटी दोन नद्या जिथे मिळतात आणि त्यांची परफ्यूम रिव्हर होते, त्या संगमाजवळची टेकडी ठरली. संगम म्हटल्यावर आपल्याला काही वेगळं समजावून सांगायला नको. १८४० मध्ये काम सुरू झालं आणि लगेच १८४१ च्या सुरुवातीला राजा गेला, मग त्याचा मुलगा थिएउ त्री याने बापाच्या नकाशाप्रमाणे १८४३ मध्ये काम पुरं केलं.

समोरचा मोठा दरवाजा, दाई होंग मोन, बंदच असतो. तो फक्त एकदा उघडला, राजाची शवपेटी आत नेताना. आपण बाजूच्या छोट्या दारातून शिरायचं. आत शिरल्यावर तुम्ही नकळत त्या बंद दाराच्या बरोब्बर मागे जाऊन उभे राहता आणि तिथून पुढे एक सरळ रेष सुरू होते, साधारण ७०० मीटरची, आणि सगळं काही त्या रेषेवर, डावीकडे जे आहे तेच उजवीकडे.

पण गंमत अशी की रेष सरळ असूनही शेवट दिसत नाही. आपल्याकडचा बीबी का मकबरा आठवा, दरवाज्यातून पाय आत टाकला की समोर मकबरा, मग बागेतून चालत जायचं ते फक्त जवळ जाण्यासाठी. इथे उलटं आहे. आधी विटांचं मोठं अंगण, दोन्ही बाजूंना दगडी मंत्री, सरदार, हत्ती, घोडे रांगेत उभे. मग पायऱ्या चढून शिलालेखाचा मंडप, त्यात बापाची स्तुती मुलाने लिहिलेली. मंडप ओलांडला की परत खाली अंगणात, मग परत एक दरवाजा, मग सुंग आन हे लाल लाकडाचं आणि सोनेरी रंगाचं देऊळ, त्यात राजा आणि राणीच्या नावाच्या पूजेच्या पाट्या. मला वाटलं संपलं. पण देवळाच्या मागे अजून एक दार, आणि त्या दारातून बाहेर आलात की एकदम पाणी!

खाली उतरत्या दगडी पायऱ्या, समोर त्रुंग मिन्ह तळं, त्यावर शेजारी शेजारी तीन पूल. आम्ही गेलो तेव्हा कमळांचा सीझन होता त्यामुळे अर्धं पाणी पानांनीच झाकलेलं. आत्तापर्यंत बंदिस्त अंगणं, भिंती, छपरं असं सगळं अंगावर येत होतं आणि इथे अचानक सगळं मोकळं होतं, हे मुद्दाम केलेलं आहे हे लगेच कळतं. पूल ओलांडून तीन टप्प्यांच्या जोत्यावर चढायचं, तिथे मिन्ह लाउ नावाचा चौकोनी दुमजली मंडप, आठ उतरत्या छपरांचा. तीन टप्पे म्हणजे स्वर्ग, पृथ्वी, माणूस. इथे वारा एक नंबर येतो. उन्हाळ्यात ह्वेला जी काय उकाड्याची कमाल असते ती सोसून इथे पोहोचल्यावर अर्धा तास उठावंसंच वाटलं नाही.

मग मंडपाच्या मागे उतरलं की अजून एक तळं, हे अर्धचंद्रासारखं, तान न्गुएत. त्यावर एक लांब पूल, दोन्ही टोकांना ब्राँझची कमान. पुलापलीकडे ३३ पायऱ्या. आणि पायऱ्यांच्या वर एक गोल भिंत, तिला एक दार, दाराला कुलूप.

बस. आत काही नाही. म्हणजे आत टेकडी आहे, पाइनची आणि इतर झाडं दाट वाढलेली, आणि त्या टेकडीखाली कुठेतरी राजा आहे. ना घुमट ना मनोरा, पुतळासुद्धा नाही. एवढी सगळी अंगणं, देवळं, पूल, मंडप करत करत तुम्हाला आणून सोडलं ते एका बंद दारापाशी आणि झाडांपाशी. नवरा म्हणाला, "एवढं चालवलं आणि कुलूप?" आणि मला तेच तर भारी वाटलं होतं. स्थापत्य म्हणजे शेवटची इमारत असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, इथे शेवटी इमारतच नाहीये, बांधलंय ते चालणं. चढायचं, उतरायचं, पाणी ओलांडायचं, परत चढायचं, प्रत्येक वेळी पुढचं झाकलेलं, आणि जसजसे आत जाता तसतसं बांधकाम कमी आणि झाडंपाणी जास्त. चंद्रकोरीचं तळं त्या गोल टेकडीभोवती वळण घेईल असं बसवलंय. माणसाने केलेलं कुठे संपतं आणि टेकडी कुठे सुरू होते ते सांगताच येत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला खाई दिन्ह. राज्य १९१६ ते १९२५, समाधीचं काम १९२० ते १९३१, म्हणजे राजा गेल्यावरही मुलगा बाओ दाई पूर्ण करतच बसला होता. फ्रान्सहून सिमेंट, लोखंड, स्लेट मागवली, खर्च भागवायला रयतेवर ३० टक्के जादा कर बसवला, तोही फ्रेंचांची परवानगी घेऊन. १२७ पायऱ्या, काळपट काँक्रीट, कुठेकुठे तर युरोपातल्या एखाद्या चर्चच्या मागच्या बाजूला आल्यासारखं वाटतं. तळं वगैरे काही नाही. आत मात्र डोळे फिरतात, सगळ्या भिंती चिनीमातीच्या आणि काचेच्या तुकड्यांच्या मोझेकने भरलेल्या, छतावर ढगांतले नऊ ड्रॅगन, आणि राजाच्या सोनेरी पुतळ्यावर जे झालरीचं छत आहे ते कापडाचं वाटतं पण आहे टनभर काँक्रीटचं. पुतळ्याच्या खालीच त्याला पुरलंय. कारागिरी जबरदस्त, यात वादच नाही, पण दहा मिनिटांत सगळं कळून जातं. गर्दी मात्र सगळ्यात जास्त इथेच, कारण फोटो छान येतात.

तू डुकची समाधी या तिघांत शहराला सगळ्यात जवळ. वाटेत थुई शुआन हे उदबत्त्यांचं गाव लागतं, लाल पिवळ्या निळ्या काड्यांचे गुच्छ रस्त्यावर पंख्यासारखे उघडून वाळत ठेवलेले असतात (फोटो काढायचे तर काहीतरी विकत घ्यावं, बरं दिसतं). या रस्त्याला हुएन त्रान नावाच्या व्हिएतनामी राजकन्येचं नाव आहे. १३०६ मध्ये तिचं लग्न चंपा या दक्षिणेकडच्या शेजारी राज्याच्या राजाशी लागलं, त्याचं नाव जयसिंहवर्मन, आणि तिच्या बदल्यात चंपाने जे दोन प्रांत दिले त्यातच आजचं ह्वे येतं. संस्कृत नावाचा राजा इथे भेटेल असं वाटलं नव्हतं.

तू डुकने १८४७ ते १८८३ राज्य केलं, घराण्यात सगळ्यात जास्त. आणि तो या समाधीत राहायचा! म्हणजे मरायच्या आधी सोळा वर्षं हा त्याचा दुसरा राजवाडाच होता, बायका, नाटकाचं थिएटर, नौकाविहार, सगळं इथे. सरळ रेष वगैरे भानगड नाही, वाटा वळतात, तळं वाकडंतिकडं आहे, पाण्यावर खांब रोवून बांधलेला लाकडी मंडप आहे शुंग खिएम, तिथे बसून राजा कविता करायचा. आम्हीपण बसलो, खाली मासे, डोक्यावर चाफा, कुणी उठवत नाही.

पण हे एवढं निवांत कशावर उभं आहे तेही बघा. काम १८६४ ला सुरू झालं, त्याच्या दोनच वर्षं आधी तहात दक्षिणेचे तीन प्रांत फ्रेंचांना द्यावे लागले होते. १८६६ मध्ये वेठीला धरलेल्या मजुरांनी बंड केलं, हातात हत्यार काय तर चुना कुटायची मुसळं, आणि राजवाड्यापर्यंत धडकले. बंड मोडलं. समाधीचं आधीचं नाव 'दहा हजार वर्षं' अशा अर्थाचं होतं आणि लोक म्हणायचे की कसली दहा हजार वर्षं, भिंती शिपायांच्या हाडांच्या आणि खंदक रयतेच्या रक्ताचा. मग राजाने नाव बदलून नम्रता या अर्थाचं ठेवलं आणि आतल्या पन्नासेक वास्तूंच्या नावात तोच शब्द घातला. १८६७ ला काम संपलं, त्याच वर्षी दक्षिणेचे उरलेले तीन प्रांतही गेले.

राजाला मूलबाळ नव्हतं. स्तुती लिहायला मुलगा नाही म्हणून त्याने शिलालेख स्वतःच लिहिला, ४९३५ अक्षरं, सुमारे वीस टनांची शिळा, आणि त्यात स्वतःच्या चुका, आजारपण, हातातून गेलेला मुलूख सगळं कबूल केलंय. राजाने दगडावर एवढं लांबलचक आत्मपरीक्षण केलेलं मी तरी दुसरीकडे बघितलेलं नाही. आणि एवढं करून तो इथे पुरलेलाच नाही असं म्हणतात, खरी जागा दुसरीच, आणि पुरणाऱ्या दोनशे जणांची डोकी उडवली अशीही कथा आहे. कथाच ती, पण इथे सगळे रंगवून सांगतात.

जाणार असाल तर एक सुचवते. तिन्ही एकाच दिवसात होतात पण मग भर उन्हात करू नका. सकाळी उघडल्या उघडल्या खाई दिन्ह, कारण त्या १२७ पायऱ्यांवर सावलीचा पत्ता नाही, तिथून मिन्ह मांग जवळ पडतो, आणि परत येताना तू डुक. बोटीनेही मिन्ह मांगला जाता येतं, पण वेळ फार जातो. राजवाडा आणि समाध्या मिळून एकत्र तिकीट मिळतं ते घ्या, स्वस्त पडतं. टूरवाल्याने मिन्ह मांगला पाऊण तास दिला असेल तर त्याच्याशी भांडा, दोन तास तरी मागून घ्या.