फोटो पाठवला तर चालणार नाही का?

बिल्डर, नव्याने रुजू झालेले सहकारी आणि घरची माणसे या सर्वांचा प्रश्न आता एकच झाला आहे: साइट इंजिनिअर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, व्हिडिओ कॉलही करता येतो, मग स्लॅब ओतायच्या दिवशी इमारतीचे डिझाइन करणाऱ्या मॅडमनी स्वतः परांचीवर चढायची गरज काय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, जरा वैतागूनच सांगते, कारण या प्रश्नात ‘बाईमाणसाने’ हा शब्द पुष्कळदा न उच्चारता दडलेला असतो.

फोटोत सळयांमधले अंतर दिसते, बीमच्या रिंगा मोजता येतात, हे मी नाकारत नाही. माझे कितीतरी हेलपाटे फोटोंनी वाचवले आहेत. दिसत नाही ती सळयांची खोली. वरून काढलेल्या फोटोत सळयांची जाळी सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या, प्लायपासून शंभर मिलिमीटर वर आहे की पन्नास, हे कोणालाही सांगता येणार नाही.

पुण्याच्या एका उपनगरात चौथ्या मजल्याच्या बाल्कन्या टाकायच्या होत्या. भिंतीबाहेर सव्वा मीटर आलेल्या, मुळाशी 125 मिलिमीटर जाड. बाहेरच्या टोकाला आधार नसल्याने बाल्कनीत ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळया वरच हव्यात. आदल्या संध्याकाळचे फोटो निर्दोष होते. सकाळी पोहोचले तेव्हा आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी खाली उभी होती, पंपाचा पाइप ओढणारी माणसे त्याच सळयांवरून ये-जा करत होती आणि सळया वर उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळईच्या खुर्च्या आडव्या झाल्या होत्या. पट्टी लावली, तर शंभर हवेत तिथे जेमतेम पन्नास. काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक आयएस 456:2000 अशा स्लॅबमध्ये सळईच्या जागेत दहा मिलिमीटरपर्यंतच फरक चालवून घेते. इथे बाल्कनीची ताकद जवळजवळ निम्म्यावर आली होती, आणि तो निम्मेपणा काँक्रीट पडल्यावर कोणाच्याही नजरेस पडला नसता.

मी काम थांबवले. मुकादम म्हणाला, “मॅडम, काँक्रीट भरताना उचलून घेतो की.” ठेकेदाराने गाडीतला माल सेट झाला तर पैसे कोण देणार असे सगळ्यांदेखत विचारले, आणि बिल्डरने फोनवर जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही. शेवटी पलीकडच्या टोकाच्या खणापासून ओतायला सुरुवात करायची आणि तेवढ्यात सळया बांधणाऱ्या फिटरने बाल्कन्यांच्या सळया उचलायच्या असे ठरले. सळयांच्या उरलेल्या तुकड्यांच्या नव्या खुर्च्या वाकवल्या, चालण्यासाठी फळ्या टाकल्या, आणि शेवटची बाल्कनी भरून होईपर्यंत मी तिथून हलले नाही. त्या बिल्डरचे पुढचे काम मला मिळाले नाही. साइटवर जाण्याचे वेगळे पैसे तर तेव्हाही मिळत नव्हते.

नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतःच म्हणत असे की ड्रॉइंग नीट दिले की डिझायनरचे काम संपते, आणि आपण सारखे जाऊ लागलो की साइट इंजिनिअर स्वतः बघणे सोडून देतो. यातले दुसरे म्हणणे मला आजही खोडता येत नाही. मॅडम येणार म्हणून सळया तपासल्याच नाहीत, असे मला तोंडावर सांगणारी मुले भेटली आहेत. शिवाय कळवून गेले की सगळे चकाचक असते, न कळवता गेले की अविश्वास दाखवल्याचा राग येतो.

त्याच इमारतीच्या खालच्या बाल्कन्या केवळ फोटोंवर मंजूर झाल्या होत्या. मी हट्टाने कव्हर मीटर, म्हणजे काँक्रीटच्या आत सळई किती खोल आहे ते दाखवणारे यंत्र, लावून त्या तपासून घेतल्या. सळया जागच्या जागी निघाल्या. ते आकडे बिल्डरने मलाच दाखवले आणि विचारले, “बघा, तुम्ही नव्हता तरी झालंच ना नीट?” यावर तेव्हा मला उत्तर सुचले नाही. पण सळया जागेवर आहेत हे त्यांनाही ते मीटर लावल्यावरच समजले होते, एवढे मात्र त्यांना आज सांगेन. आणि स्लॅब असेल त्या दिवशी सकाळी मला फोन लावू नका, मी परांचीवर असते.