पसरणी घाटात रेकॉर्ड केलेली जावा

सिनेमातली मोटरसायकल आपल्या डोळ्यांत राहते, कानात राहत नाही. ‘शोले’तलं ‘ये दोस्ती’ कुणालाही विचारा. तो गाऊन दाखवेल, साइडकार सुटून वेगळ्या वाटेने कशी पळते आणि पुन्हा येऊन कशी जुळते, तेही हातवारे करून सांगेल. पण ती बीएसए मोटरसायकल वाजत कशी होती, म्हटलं की गप्प होईल. १९७१ च्या ‘अंदाज’मध्ये राजेश खन्ना हेमामालिनीला मागे बसवून ‘ज़िंदगी एक सफ़र’ म्हणत जातो, तिथेही तीच गत. किशोरकुमार मनात बसतो, इंजिन बसत नाही.

याचं कारण आमच्या धंद्यात आहे. मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. त्या काळातले बरेच कॅमेरे चालताना घरघर करायचे, म्हणून जागेवर घेतलेला आवाज फक्त डबिंगच्या आधारापुरता ठेवायचा. गाणी तर आधीच रेकॉर्ड झालेली असायची. उरली गाडी. तिला साठ्यातल्या टेपवरून जो आवाज मिळेल तो लावायचा. जागेवरचाच आवाज पडद्यावर आणण्याची पद्धत हिंदीत पुन्हा रुळली ती २००१ च्या ‘लगान’नंतर.

बाहेरच्या सिनेमातही गाड्यांनी सोंगं घेतलीच आहेत. १९६३ च्या ‘द ग्रेट एस्केप’मध्ये स्टीव्ह मॅक्वीन पळवतो ती मोटरसायकल जर्मन सैन्याची म्हणून दाखवलीय, पण ती रंगवून सजवलेली ब्रिटिश ट्रायम्फ टीआर ६ आहे. कुंपणावरची ती जगप्रसिद्ध उडीही मॅक्वीनची नाही, स्टंटमन बड एकिन्सची. मॅक्वीन स्वतः पट्टीचा चालवणारा होता, तरी त्या उडीसाठी एकिन्स बसला. मला हा सिनेमा अतिशय आवडतो. कितीही वेळा लावा, तारांच्या कुंपणाकडे गाडी वळली की माझी मूठ आवळली जाते.

तर गेल्या वर्षी माझ्याकडे एक मराठी सिनेमा आला. काळ सत्तरीचा, सातारा जिल्हा, आणि नायकाकडे जावा. शूटिंग उरकलेलं होतं. दिग्दर्शक तरुण मुलगा, कामाचा पक्का, पण पहिल्याच बैठकीत म्हणाला, “दादा, गाडीचा आवाज भारदस्त पाहिजे. बुलेटचा टाकू या.”

मला ते पटेना. बुलेट फोर-स्ट्रोक, इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एक ठोका देणारी. जावा टू-स्ट्रोक, दर फेरीला एक ठोका देणारी, तिचा हिशेबच निराळा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या निघायला लागल्या, पुढे त्यांचीच येझदी झाली आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. एवढ्या वर्षांत साताऱ्या-कोल्हापुराकडे किती डॉक्टर, किती मास्तर, किती बागायतदार या गाडीवर फिरले असतील! ती माणसं थिएटरात येणार, आणि पडद्यावर जावा दिसताना कानात बुलेट वाजणार? मी एक दिवस मागून घेतला.

गाडी मिळाली वाईत. मालक पाचगणीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. १९७६ मध्ये जुनी म्हणून घेतलेली जावा २५०, मरून रंग, टाकीच्या बाजूला क्रोम. नोकरीभर रोज याच गाडीवर पसरणी घाट चढायचा आणि उतरायचा. मी त्यांना काका म्हणायला लागलो, ते मला शेवटपर्यंत अहो-जाहो करत राहिले.

पहाटे उजाडायच्या आत सुरुवात केली, कारण आठ वाजले की पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. एक छोटा माइक मागे, सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर लांब आणि धुराच्या झोताच्या बाहेर बांधला. जावाला सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना एकेक, त्यामुळे तसाच एक माइक दुसऱ्या अंगाला. तिसरा कार्ब्युरेटरच्या जवळ, इंजिन श्वास घेतं तिथे. चौथा काकांच्या जर्किनच्या आत, छातीशी, चालवणाऱ्याला गाडी कशी ऐकू येते ते मिळावं म्हणून. सगळ्यांना केसाळ टोप्या घातल्या. वाऱ्याने एकदा माइकवर थाप मारली की घेतलेलं वाया जातं.

काकांनी कार्ब्युरेटरवरची पिन दाबून पेट्रोल वर आणलं. मग गिअरचा दांडा आत दाबून वर उभा केला. या गाडीचं हे मला फार आवडतं. तोच दांडा उभा केला की किक, आडवा पडला की गिअर. दुसऱ्या किकला गाडी लागली. निळसर धूर, तेलाचा तो वास, आणि थंड इंजिनाचा अडखळता आवाज: दोन ठोके, मग चुकलेला एक, मग तीन. टू-स्ट्रोक हळू चालताना प्रत्येक फेरीला पेटत नाही, मधले ठोके गाळते. हेडफोनमध्ये ते इतकं जवळून आलं की मी रेकॉर्डर सुरू आहे की नाही हे पुन्हा बघून घेतलं.

माझ्या वडिलांकडे राजदूत होती. ‘बॉबी’तली छोटी नव्हे, जिला त्या सिनेमानंतर लोक बॉबीच म्हणायला लागले. आमची दुधाचे कॅन लटकवायची ती मोठी. मी टाकीवर बसायचो, दोन्ही हात हँडलच्या मधोमध. इंजिनाची थरथर टाकीतून मांड्यांत यायची आणि वडील काही बोलले की त्यांचा आवाज माझ्या पाठीत घुमायचा. जर्किनच्या आतल्या माइकवर काका खाकरले तेव्हा नेमका तोच घुमारा ऐकू आला. मी काही बोललो नाही, कारण टेक चालू होता.

चढण सरळ पार पडली. माझा मदतनीस वळणावळणावर उभा राहून जाणारी गाडी टिपत होता आणि मी काकांच्या मागे, सॅक पोटाशी, हेल्मेटच्या आत इअरफोन लावून बसलो होतो. दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. जावाला गिअर टाकताना क्लच दाबलाच पाहिजे असं नाही, दांडा हलला की तो आपोआप सुटतो. काका डावा हात हँडलवर नुसता ठेवून होते. वर पाचगणीत चहा घेतला आणि उतरायला लागलो.

उतारावर मला काही विशेष अपेक्षित नव्हतं. काकांनी रेस पूर्ण सोडली आणि गाडी घरंगळल्यासारखी निघाली. मग एकदम एक छोटा झटका. ऱ्हँ. पुन्हा शांत. आणखी शंभरेक हात गेलो की पुन्हा ऱ्हँ. मला वाटलं मूठ अडकतेय किंवा पेट्रोल नीट येत नाही. टेक चालू असून न राहवून विचारलं, “काका, गाडी बंद पडतेय का?”

“छे हो. तिला तेल पाजतोय.”

खाली उतरल्यावर त्यांनी नीट सांगितलं. या गाडीचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, इंजिनाला तेल वेगळं मिळत नाही. रेस सोडून लांब उतार उतरलात की चाक इंजिनाला जोरात फिरवत राहतं, पण पेट्रोल जवळजवळ जातच नाही. “पेट्रोल नाही तर तेल नाही. पिस्टन कोरडा पडतो, तापतो आणि धरतो. घाटातच. मागचं चाक जाम.” त्यांच्या ओळखीतल्या एकाचं तसं झालं होतं. म्हणून उतारावर थोड्या थोड्या वेळाने मूठ जराशी पिळायची, एक घोट आत जाऊ द्यायचा. “आता मला कळतसुद्धा नाही मी ते करतो ते.”

मी पुन्हा वर चलायची विनंती केली. फक्त उतारासाठी. जुन्या गाड्यांच्या आवाजाच्या तयार लायब्रऱ्या मी भरपूर चाळल्या आहेत. त्यांत सुरू होणं असतं, जाणं-येणं असतं, वेग वाढवणं असतं. घाट उतरताना गाडीला तेल पाजणारा माणूस मला त्यांत कधी सापडलेला नाही. तो आवाज मोकळ्या मैदानात गाडी फिरवून मिळत नाही. त्याला घाट लागतो, आणि तो घाट रोज उतरलेला हात लागतो.

दुपारी जेवायला त्यांच्याकडेच होतो. काकूंनी पिठलं-भाकरी केली होती. त्यांना उत्सुकता होती म्हणून मी उतरतानाचा टेक हेडफोनवर लावून दिला. त्या डोळे मिटून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “आता मोठं वळण. इथं ते दुसरा टाकतात.” आणि कानात खट्कन दुसरा पडला. मी दुसऱ्या हेडफोनवर ऐकत होतो, चाटच पडलो. पुढचंही सांगितलं त्यांनी: इथे एसटी समोर आली असणार, कारण इतकं हळू इथे कोणी करत नाही. एसटी आली होती. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या या गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या. समोर काकांची पाठ असल्याने रस्ता दिसायचा नाही, म्हणून आवाजावरून कळायचं कुठे आलो ते.

“पण अहो, उजवीकडचा आवाज फुटका येतोय,” त्या काकांना म्हणाल्या. काका जेवण टाकून उठले. उजव्या सायलेन्सरच्या आतल्या जाळीचा स्क्रू खरंच ढिला झाला होता. त्या जाळीवर काजळीचा थर चढला होता. त्यांनी ती ओढून काढली, पत्र्यावर खरवडली, पुसली, पुन्हा बसवली आणि आम्ही संध्याकाळी उजवीकडचा भाग पुन्हा घेतला. दोन्ही टेक शेजारी ठेवून ऐकले तर फरक स्पष्ट होता. आधीच्या टेकमध्ये पत्र्याची बारीक किणकिण होती.

मिक्सिंगच्या वेळी दिग्दर्शकाला मी आधी त्याला हवा होता तसा, बुलेटचा आवाज लावून दाखवला. सीन असा होता: नायक भांडून घरातून निघालाय, घाट उतरून वाईला येतोय, संवाद एकही नाही. बुलेटवर सीन रुबाबदार दिसत होता. मग काकांची जावा लावली. पहिला झटका आला तसा तो म्हणाला, “हे काय, कट चुकलाय का?” मी कारण सांगितलं. त्याने सीन पुन्हा मागितला, मग पार्श्वसंगीत बंद करून पुन्हा. रागाने निघालेला मुलगा गाडीला मात्र तेल पाजत उतरतोय, हे त्याला माझ्याआधी दिसलं. त्याने त्या सीनमधलं संगीत काढूनच टाकलं.

आता अडचण एकच आहे. त्याला वाड्यातून गाडी ढकलत बाहेर काढतानाचा आवाजही खराच पाहिजे: फरशीवरचं चाक, स्टँडची स्प्रिंग, टाकीत डचमळणारं पेट्रोल. काकांना फोन केला. ते म्हणाले, गाडीचं इंजिन उघडलंय, पिस्टनच्या रिंगा मागवल्या आहेत, आठ दिवस थांबा. आणि येताना त्या मुलालाही घेऊन या, त्याला एकदा मागे बसवून घाट दाखवतो.