मंडळाचा ॲम्प

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर पोचलात तरच काहीतरी हाताला लागतं, उशीर झाला की उरते गर्दी, गंजके पाने आणि मिक्सरची झाकण नसलेली भांडी. मी त्या दिवशी नऊलाच कुंभारवेशीपाशी होतो. एका पोत्यावर इस्त्र्यांच्या ढिगाखाली हिरवट रंगाचा लोखंडी डबा दिसला, वर जाळी, जाळीतून काचा चमकत होत्या. डब्याच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने कुठल्यातरी गणेश मंडळाचं नाव, त्यातली अर्धी अक्षरं उडालेली.

"ट्यूबवाला आहे साहेब, बॉम्बेचे लोक येऊन दहा-दहा हजाराला नेतात."

"मग त्यांनाच द्या ना," मी म्हटलं आणि खाली बसलो.

डबा म्हणजे जुना ॲम्प्लिफायर, आवाज मोठा करणारा. आता खाली बसलो तो व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्या, त्यांनाच ट्यूब म्हणतात) बघायला नाही. सगळे पहिल्यांदा व्हॉल्व्ह बघतात, जाळी काढून नाव वाचतात, टॉपला चंदेरी डाग आहे का पांढरा पडलाय ते बघतात (पांढरा म्हणजे आत हवा शिरली, तो गेला). ते बघा जरूर, पण व्हॉल्व्ह आजही नवीन मिळतात हो, रशियात बनतात, स्लोव्हाकियात बनतात, चीनमध्ये बनतात. त्या डब्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला) मात्र तसाच दुसरा सहज मिळत नाही. तो उडाला असेल तर तुम्ही सुंदर काचेची भांडी विकत घेताय एवढंच.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. मागच्या वर्षी कोकणातून एक व्हॉल्व्हचा रेडिओ आणला होता, मामाच्या घरी माळ्यावर होता, दमट हवेने आउटपुट ट्रान्सफॉर्मरची बारीक तार आतून हिरवी पडून तुटलेली. म्हटलं त्यात काय, भरून घेऊ, आणि मोटर वाइंडिंगवाल्याकडे दिला. त्याने वेढे मोजून अगदी प्रामाणिकपणे भरला, पण पत्रे बसवताना नेहमीच्या सवयीने गाभ्याचे इंग्रजी ई आणि आय अक्षरांच्या आकाराचे पत्रे एकाआड एक उलटसुलट रचून घट्ट बसवले. एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेल्या सेटमध्ये त्या ट्रान्सफॉर्मरमधून कायम डीसी (एकाच दिशेचा करंट) वाहत असतो, म्हणून सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाची फट लागते, नाहीतर गाभा आधीच चुंबकाने भरून जातो आणि खालचे सूर गायब होतात. तबला ऐकला तर डग्गा नाहीच, नुसती चाटी. त्याची चूक म्हणता येत नाही, मी त्याला सांगायला हवं होतं, आणि मला तेव्हा माहीतच नव्हतं.

तर त्यामुळे आता पिशवीत मल्टीमीटर असतोच. डबा उलटा केला, खालचा पत्रा दोन स्क्रूंवरच होता. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेपासून व्हॉल्व्हच्या एका प्लेटला (व्हॉल्व्हचं ते टोक, जिथे ट्रान्सफॉर्मरची तार जोडतात) १८० ओहम, दुसऱ्या प्लेटला १९५. थोडा फरक असतोच, बाहेरच्या थराला तार जास्त लागते. म्हणजे ट्रान्सफॉर्मर जिवंत! चेहरा मात्र पडलेलाच ठेवला. अठ्ठावीसशेपासून सुरू झालं, एकोणीसशेला सुटलं, आणि वर त्याने एक इस्त्रीची वायर फुकट दिली ती मी मुकाट्याने घेतली.

घरी येऊन उघडून नीट बघितलं तर मजा. कुठल्याही कंपनीचा नाही, कुणीतरी हाताने बांधलाय. व्हॉल्व्ह म्हणजे ईएफ८६, ईसीसी८३, स्पीकरकडचे दोन ईएल८४ आणि रेक्टिफायरला (एसीचा डीसी करणारा) ईझेड८१. ज्यांना माहितीये त्यांना कळलं असेल, ही मुलार्डची फाइव्ह-टेन. इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीने १९५४ साली हे सर्किट छापून सगळ्यांना दिलं, पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट म्हणून फाइव्ह-टेन, त्यांचा हेतू सरळ होता की लोक बांधतील आणि आमचे व्हॉल्व्ह घेतील. इथे पेठेतल्या कुणा रेडिओ मेकॅनिकने बांधला, आणि त्यात ईएल८४ घातले ते बीईएलचे, म्हणजे बेंगळुरूच्या आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. मुलार्डवाल्यांना कळलं असतं तर! आतलं सोल्डरिंग इतकं स्वच्छ की मला माझी लाज वाटली, आणि एका कोपऱ्यात पेन्सिलने १२/८/६८. गणपतीच्या आधी घाईघाईत पुरा केला असणार असं मी आपलं ठरवून टाकलं.

पहिला मोह असतो प्लग लावून बघण्याचा. लावू नका. खरंच लावू नका. किती वर्षं बंद होता माहीत नाही, आतले फिल्टर कंडेन्सर (डीसी सपाट करणारे) सुकलेले असतात, पण त्याहून वाईट असतात ते मेणाचे कागदी कपलिंग कंडेन्सर. त्यांचं काम एवढंच की अलीकडच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे शे-दोनशे व्होल्ट डीसी अडवायचे आणि फक्त गाणं पुढे सोडायचं. ते गळायला लागले की ईएल८४च्या ग्रिडवर (व्हॉल्व्हमध्ये गाणं जिथून शिरतं ते टोक) पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह वेड्यासारखा करंट ओढतो, प्लेट लालभडक होते, आणि त्या नादात जातो कोण तर तोच आउटपुट ट्रान्सफॉर्मर ज्याच्यासाठी आपण एकोणीसशे दिले.

म्हणून आधी सिरीज बोर्ड. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब फेजमध्ये सिरीजला, म्हणजे आत शॉर्ट असला तर बल्ब पेटतो आणि सेट वाचतो. आमच्या ओळखीचे नारायण पेठेतले एक काका आहेत, व्हॉल्व्हच्या जमान्यात दुकान होतं त्यांचं, ते म्हणतात "बल्ब खाली बसला तर सेट बरा, बल्ब हसत राहिला तर आपण रडायचं." माझा बल्ब आधी भकन पेटला, मग हळूहळू मंद झाला. तेवढ्यात ग्रिडवर मीटर लावला तर चौदा व्होल्ट! तिथे शून्य हवं. लगेच बंद. सगळे मेणाचे कंडेन्सर त्याच संध्याकाळी उपटले.

(आणि हो, बंद केला म्हणजे संपलं असं नाही. आत तीनशेच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये थांबतो. रेझिस्टन्स लावून डिस्चार्ज करा, मीटरने खात्री करा, एक हात खिशात. आणि ज्या सेटला मेन ट्रान्सफॉर्मरच नाही, ते जुने एसी/डीसी रेडिओ, त्यांची चॅसीच थेट लाइनवर असते, नवशिक्यांनी त्यांच्या वाटेला जाऊच नये.)

सामान आणायला तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. फिल्म कंडेन्सर ६३० व्होल्टचे सहज मिळाले. फिल्टरच्या वेळी दुकानदार म्हणाला ५०चा कशाला, २२० मायक्रोफॅरड लावा, हम (मागची घुमणारी घरघर) पार निघून जाईल. हम निघून जाईल खरी, पण ईझेड८१ला पहिला कंडेन्सर ५०च्या वर चालत नाही, प्रत्येक वेळी भरताना एवढा करंट मागतो की रेक्टिफायरच्या आत ठिणग्या पडतात. त्याला हे सांगितलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्याशी संस्कृतात बोललो. शेवटी ४७चे घेतले. रेझिस्टन्स मोजले तर १०० किलोओहमवाले फुगून १४० किलोओहम झालेले, तेही बदलले. जुने सगळे भाग एका डबीत ठेवलेत, टाकवत नाहीत.

इथवर सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. मग मला हुक्की आली की ट्रान्सफॉर्मरचा गंज घासून काळा रंग द्यावा. काढताना मोबाइलवर फोटो काढला, पण प्लेटकडे जाणाऱ्या दोन्ही तारा तपकिरी, फोटोत काय कळणार. अंदाजाने जोडल्या. रात्री साडेअकराला लावला आणि स्पीकरमधून जो आवाज निघाला तो आठवला तरी अंगावर काटा येतो, एखाद्या कारखान्याचा भोंगाच. आई धावत आली, "अरे बंद कर, बंद कर, सोसायटी उठवशील!" झालं काय, तर आउटपुटकडून पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडकडे (प्लेटच्या विरुद्ध टोकाला) फीडबॅक, म्हणजे आवाजाचा थोडा भाग परत, येतो तो उलटा यायला हवा म्हणजे चुका खोडल्या जातात, आणि दोन प्लेटच्या तारांची अदलाबदल झाली की तोच सुलटा होतो, मग ॲम्प स्वतःचंच ऐकून स्वतःच ओरडत सुटतो. दोन तारा बदलल्या, दहा मिनिटांचं काम. पण ते मी दुसऱ्या दिवशी केलं, तोंड दाखवायची सोय नव्हती.

मग व्होल्टेज मोजली. दोन्ही ईएल८४च्या कॅथोडला ९.९ आणि १०.२ व्होल्ट, खाली २७० ओहमचा रेझिस्टन्स, म्हणजे साधारण ३७ मिलीअँपियर. प्लेट आणि कॅथोडमध्ये २९० व्होल्ट, गुणाकार केला तर अकरा वॅटच्या आत. ईएल८४ची मर्यादा बारा. पन्नासेक वर्षांचे बीईएलचे व्हॉल्व्ह आणि दोघांत एवढाच फरक, मी त्यांना हातही लावला नाही. ईएफ८६ मात्र बदलला, टिचकी मारली की स्पीकरमधून टण्ण असा आवाज यायचा.

काल संध्याकाळी पहिल्यांदा नीट ऐकला. आठ इंची जुना स्पीकर लाकडी पेटीत, कारण आजकालचे छोटे स्पीकर दहा वॅटला जागचे हलत नाहीत. फोनवरून अब्दुल करीम खाँसाहेब लावले. जुनं रेकॉर्डिंग, खरखर आहेच, पण त्या खरखरीच्या मागून आवाज असा समोर येऊन बसला की मी चहा तसाच ठेवला. उबदार वगैरे शब्द लोक वापरतात, मला ते पटत नाही, नीट दुरुस्त केलेला व्हॉल्व्ह ॲम्प उबदार नसतो, तो फक्त घाई करत नाही.

बाबा आतून आले, खुर्चीत बसून पूर्ण ऐकलं, डोळे मिटून. मी वाट बघत होतो.

"आवाज छान आहे रे," ते म्हणाले. "पण एकाच बाजूने का येतो?"

आता याच्या जोडीचा दुसरा शोधायचाय. बुधवारीही बाजार असतो, पण ऑफिस आहे.