मांजरं घरातच राहिली, शिंका आटोक्यात आल्या

लालबागला आमच्या दोन खोल्यांच्या घरात दोन मांजरं आहेत, चिमणी आणि बोक्या. सासूबाईंनी दोघांना जिन्याखालून उचलून आणलं आणि बाटलीने दूध पाजून वाढवलं. लग्न होऊन मी आले आणि पहिल्याच पावसाळ्यात सकाळी उठल्याउठल्या शिंका सुरू झाल्या. नाक चोंदायचं, डोळे चुरचुरायचे, चिमणीने हात चाटला की तिथे गांधी उठायच्या. सगळ्या नातेवाइकांचं एकच म्हणणं: मांजरं कुणाला तरी देऊन टाका. सासूबाई गप्प राहायच्या. मला मात्र ते अजिबात पटत नव्हतं. रात्री त्यांच्या पायाशी झोपणारी ही जनावरं माझ्यासाठी रस्त्यावर जाणार असतील, तर निदान मला नेमकं काय सोसत नाही हे आधी कळायला हवं होतं.

ॲलर्जीच्या डॉक्टरांनी प्रिक टेस्ट सांगितली. त्याआधी काही दिवस सेट्रिझिन, म्हणजे ॲलर्जीची नेहमीची गोळी, बंद ठेवावी लागते, नाहीतर टेस्ट खरी येत नाही. ते दिवस फार वाईट गेले. टेस्ट मात्र सोपी. हातावर पेनने खुणा केल्या, प्रत्येक खुणेपाशी ॲलर्जी आणू शकणाऱ्या एकेका गोष्टीच्या अर्काचा थेंब ठेवला आणि त्यातून हलकेच टोचलं. एक थेंब नुसत्या सलाइनचा, एक हिस्टामिनचा (ॲलर्जीत शरीरात खाज आणि गांध आणणारा पदार्थ), तुलनेसाठी. मग पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं! मांजराच्या खुणेवर डासाने चावल्यासारखी गांध उठली. पण तिच्याहून मोठी गांध डस्ट माइटच्या खुणेवर होती. हे गादी-उशीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे. हवेत दमटपणा असला की ते वाढतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्याला काय कमी!

म्हणजे मांजरं दिली असती तरी माझ्या शिंका थांबल्या नसत्या. शिवाय मांजर गेल्यावरही त्याचा अंश घरात कित्येक महिने राहतो, हेही डॉक्टरांनी सांगितलं. त्रास केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या ग्रंथींत ‘फेल डी १’ नावाचं प्रथिन असतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे बारीक कण हवेत तरंगतात, कपड्यांना आणि भिंतींना चिकटतात. नसबंदी न केलेल्या नर मांजरात हे प्रथिन जास्त असतं. आमच्या बोक्याची नसबंदी राहिलीच होती, ती परळच्या बैलघोड्याला, म्हणजे जनावरांच्या हॉस्पिटलात, नेऊन करून घेतली. त्यासाठी सासूबाई स्वतः पिशवी घेऊन तयार झाल्या, याचं मला फार बरं वाटलं.

घरातला सगळ्यात मोठा बदल आतल्या खोलीचा. आम्ही दोघं तिथे झोपतो, ती मांजरांना बंद. पहिले काही दिवस चिमणी दाराबाहेर ओरडायची, मग तिने सासूबाईंच्या कॉटवर कायमची जागा धरली. गादीला आणि उशांना माइटसाठीची चेन असलेली कव्हरं घातली. चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात, साठ अंशांवर धुतो. पडदे काढूनच टाकले. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घेतो, कारण झाडूने सगळं पुन्हा हवेत उडतं. मांजरांची माती नवरा बदलतो. हवेतले बारीक कण अडवणारा हेपा फिल्टरचा प्युरिफायर महाग वाटला, पण झोपायच्या खोलीत तो उपयोगी पडतो असं माझं मत झालं आहे. मांजरांना आंघोळ घालायचाही विचार केला होता; त्याचा परिणाम थोड्या दिवसांतच जातो हे कळल्यावर त्या बिचाऱ्यांचे हाल नकोत म्हणून सोडून दिला.

औषधांत खरा फरक नाकातल्या स्टिरॉइड स्प्रेने पडला. स्टिरॉइड म्हटल्यावर आई घाबरली होती, पण तो नाकापुरताच काम करतो आणि शरीरात फार थोडा जातो. फवारताना मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, आणि नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे. पडद्यावर फवारा बसला तर नाकातून रक्त येऊ शकतं. फवारल्यावर जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात उतरतं. आणि तो रोज घ्यावा लागतो. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत सोडून देणाऱ्यांना म्हणूनच तो निकामी वाटतो. सेट्रिझिनने लोकलमध्ये पेंग यायची, म्हणून डॉक्टरांनी त्याऐवजी फेक्सोफेनाडिन ही कमी पेंग आणणारी गोळी दिली.

इम्युनोथेरपीचाही, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे तेच थोडंथोडं देऊन शरीराला सवय लावायच्या उपचाराचाही, विषय निघाला. ती तीन ते पाच वर्षं चालते. सध्या स्प्रेवर भागतंय, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यानंतर ठरवू असं डॉक्टर आणि मी दोघांनी मिळून ठरवलं. शिंका अजून येतात, विशेषतः जुलैमध्ये खिडक्या बंद असल्या की. पण छातीत घरघर किंवा दम लागला, तर ते नुसतं नाकाचं दुखणं समजायचं नाही, लगेच दाखवायला यायचं, हे डॉक्टरांनी बजावलं आहे. सासूबाईंनाही ते पाठ झालंय.