माझा अनुभव: स्वतःचा मॅक्रो काढला तेव्हा बग सापडला

लिनक्ससाठी तापमान सेन्सरचा ड्रायव्हर लिहायला घेतला, तेव्हा पहिल्याच दिवशी मी डिबगचा (चूक शोधण्यासाठी संदेश छापणारा) स्वतःचा मॅक्रो, म्हणजे कोडचा छोटा साचा, बनवून टाकला. आत साधं प्रिंटके (कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, संदेश छापणारं फंक्शन), सोबत फंक्शनचं नाव. लेव्हल (संदेश किती महत्त्वाचा ते सांगणारा आकडा; लहान आकडा म्हणजे जास्त महत्त्व) वगैरे काही दिली नव्हती.

सेन्सर दोन होते, आयटूसी बस (सेन्सर जोडायच्या सामायिक तारा) एकच. मधूनच एखादं रीडिंग शिळं यायचं, म्हणजे आधीचाच आकडा पुन्हा. मॅक्रो चालू केला की सगळं सुरळीत, बंद केला की चूक पुन्हा हजर. तीन दिवस मी वायरिंगवर संशय घेत बसलो. लॉगमध्ये आकडे दिसत होते, पण कुठला आकडा कुठल्या सेन्सरचा ते कळायला मार्ग नव्हता.

कोड रिव्ह्यूमध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लिहिलं, "हा मॅक्रो काढा, डेव्ह_डीबीजी वापरा." डेव्ह_डीबीजी म्हणजे डिव्हाइसच्या नावासकट डिबग संदेश छापणारा कर्नलचा तयार मॅक्रो. चेकपॅच हे कर्नलचा कोड तपासणारं साधनही लेव्हल नसलेल्या प्रिंटकेबद्दल कुरकुर करतच होतं. मला ही निव्वळ शिस्तीची बाब वाटली, तरी बदल केला. ड्रायव्हर लोड केला, डीमेसग (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) पाहिलं, तर एकही ओळ नाही!

आमच्या कर्नलमध्ये डायनॅमिक डिबग (डिबग संदेश हवे तेव्हा चालू-बंद करायची सोय) होतं, आणि तिथे हे संदेश मुळात बंद असतात. डिबगएफएस या डिबगसाठीच्या खास फाइलसिस्टिममधल्या डायनॅमिक_डिबग/कंट्रोल या फाइलमध्ये 'मॉड्यूल', पुढे मॉड्यूलचं (लोड केलेल्या ड्रायव्हरचं) नाव आणि +पी (छापणं सुरू) लिहिलं, तसे ते सुरू झाले. पुन्हा कंपाइल करायला नको की मॉड्यूल काढून घालायला नको. फक्त प्रोबमधले (ड्रायव्हर डिव्हाइसशी पहिल्यांदा जोडला जातो तेव्हाचे) संदेश तोवर येऊन गेलेले असतात. ते हवे असतील तर मॉड्यूल लोड करतानाच डीवायएनडीबीजी=+पी द्यावं लागतं.

आता प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ड्रायव्हर आणि डिव्हाइसचं नाव येऊ लागलं: १-००४८, १-००४९ (बसचा क्रमांक आणि सेन्सरचा पत्ता). शिळी रीडिंग सगळी ००४९ ची निघाली. तो जास्त रिझोल्यूशनवर (अधिक बारीक मोजमापावर) होता, झोपेतून उठवल्यावर त्याला मोजायला जास्त वेळ लागायचा, आणि मी दोघांना सारखाच वेळ दिला होता. कमी पडत होते ते जेमतेम काही मिलिसेकंद.

मग मॅक्रो चालू असताना चूक लपायची कशी? लेव्हल नसलेलं प्रिंटके डीफॉल्ट लेव्हल ४ ने जातं, म्हणून माझ्या ओळी थेट सीरियल कन्सोलवर (तारेने जोडलेल्या संथ टर्मिनलवर) छापल्या जात होत्या. १,१५,२०० बॉड या वेगाने ८० अक्षरांची ओळ जायला सुमारे ७ मिलिसेकंद लागतात. सेन्सरला हवी असलेली उसंत माझं छापणंच देत होतं! डेव्ह_डीबीजीची लेव्हल ७, ती आमच्या कन्सोलवर जात नव्हती, नुसती बफरमध्ये (मेमरीतल्या लॉगमध्ये) राहायची. त्यामुळे वेळेचं गणित जवळपास तसंच राहिलं आणि चूक लॉग चालू असतानाच पकडता आली.

थांबण्याची वेळ आता प्रत्येक सेन्सरच्या रिझोल्यूशनवरून ठरते. रीडिंगच्या आधीची आणि नंतरची डेव्ह_डीबीजी ओळ मी पॅचमध्ये मुद्दाम ठेवली आहे.