अण्णांची एअरगन आणि माशी

आमच्या कळव्याच्या घरी पलंगाखाली एक लांबट पेटी आहे. तिच्यात अण्णांची एअरगन असते. नळी मोडून छर्रा भरायची, स्प्रिंगची, ४.५ मिमीची. २० जूलच्या आतली असल्यामुळे तिला लायसन लागत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, वागळे इस्टेटमध्ये टूलरूम फिटर होते. आता वय ७९, हात थरथरतात, पण तोंड अजून टूलरूममध्येच असतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या भावाने हौसेने तिच्यावर दुर्बीण बसवली आणि आड येते म्हणून पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची उभी पाती, ठोकून काढून टाकली. जिच्यातून ती माशी बघायची ती मागची खाचही काढली. दोन्ही हरवली. सहा महिन्यांत दुर्बिणीतली उभी रेघ निखळून आडवी पडली. दुर्बीण वाईट होती असं नाही. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दुहेरी असतो. पिस्टन पुढे सुटताना बंदूक मागे येते, आणि तोच पिस्टन त्याच्या सिलिंडरच्या टोकाशी हवेवर आपटून थांबला की ती झटक्याने पुढे जाते. साध्या दुर्बिणी मागच्या धक्क्यासाठी बांधलेल्या असतात, हा पुढचा झटका त्यांना सोसत नाही.

"दुर्बीण काय करायची? कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ आणलं, ५० मीटरवर, त्याच्या रायफलीवर दुर्बीण होती का?" हे अण्णांचं. नव्हती, हे खरं. ऑलिंपिकच्या रायफलीवर भिंगाची दुर्बीण चालत नाही. पण त्याची माशी गोल कड्याची आणि मागे बारीक भोकाची चकती. आम्हाला बसवायची होती साधी पाती आणि चौकोनी खाच.

अण्णांना हे कुठून येतं तेही सांगते. चिपळूणजवळच्या गावी थोरल्या काकांकडे पिकाच्या राखणीसाठी लायसनची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल होती, ३१५ बोअर. तिची माशी सैल झाली तेव्हा काका ती लायसनवाल्या गनस्मिथकडे घेऊन गेले, आणि अण्णा सोबत गेले ते दिवसभर त्याच्या बाकावर बसून राहिले. तसल्या बंदुकीला घरी कानस लावायची नाही, कायदा आहे. एअरगनला लावायला कोण अडवतंय?

तर यंदा पावसाळ्यात, सलग चार दिवस सुट्टी होती तेव्हा, अण्णा खुर्चीत आणि मी बाल्कनीतल्या छोट्या व्हाइसपाशी (शिकंज्यापाशी), असं नवी माशी आणि खाच घरीच करायचं काम सुरू झालं.

नळीच्या टोकावर माशी आडवी सरकवून बसवायची डव्हटेल खाच, तळाशी रुंद आणि वर अरुंद, शाबूत होती, म्हणजे अर्धं काम झालेलं. जांभळी नाक्याजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून माइल्ड स्टीलचा चौकोनी तुकडा आणला. त्याचा खालचा भाग ६० अंशांत तासून त्या खाचेत घट्ट बसवायचा. यासाठी अण्णांकडे एक तीनधारी कानस आहे, तिची एक बाजू ग्राइंडरवर घासून गुळगुळीत केलेली. ती बाजू तळावर टेकते आणि तळाला न कापता फक्त कड कापते. चाळीस वर्षांची आहे आणि ती मला पहिल्यांदाच हातात मिळाली.

कुठे अडतंय ते बघायला अण्णांनी देव्हाऱ्यातला कापूर मागितला. चमचा उलटा धरून काजळी धरली, ती खाचेला लावली, तुकडा सरकवून बाहेर काढला. जिथे काळं उमटलं तिथेच कानशीचे दोन हात. पुन्हा काजळी, पुन्हा दोन हात. आई आतून म्हणाली, "आज आरतीला कापूर ठेवा म्हणजे झालं."

"अंगठ्याने तिसरा हिस्सा आत गेला पाहिजे, बाय. बाकीचा पितळी पंचने ठोकायचा. सगळाच अंगठ्याने गेला तर माशी उडाली समज."

तेवढं जमायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

मागची खाच सोपी गेली. दुर्बिणीसाठी वरती जी ११ मिमीची पन्हळ असते, तिच्यावर चिमट्यासारखा बसणारा तुकडा केला आणि त्याच्या पात्यात चौकोनी खाच पाडली. गंमत म्हणजे माशीची पाती २ मिमी रुंद आणि खाच फक्त १.४. मला वाटलं अण्णांचा आकडा चुकला. पण खाच डोळ्यापासून ३० सेंटीमीटरवर आणि माशी तिच्याही पुढे ४३ सेंटीमीटरवर, त्यामुळे ती खाचेत जेमतेम ०.८ मिमीची दिसते. दोन्ही बाजूंना ०.३ मिमीचा उजेड. हा उजेड दोन्हीकडे सारखा ठेवायचा, नेम म्हणजे निम्मा तेवढाच. माशी स्पष्ट दिसली पाहिजे, खाच आणि निशाण धूसर दिसलं तरी चालतं. एक्कावन्नाव्या वर्षी मला माशी स्पष्ट दिसायला चष्म्याच्या जुन्या, कॉम्प्युटरच्या नंबराचा शोध घ्यावा लागला, ते वेगळं.

माशी मुद्दाम उंच ठेवली होती, कारण घासून कमी करता येते, वाढवता येत नाही. आतल्या खोलीपासून हॉलच्या भिंतीपर्यंत आमच्याकडे बरोबर साडेसात मीटर भरतात. भिंतीशी लोखंडी पत्रा, पुढे जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांनी गच्च भरलेली पेटी, दार आतून बंद, डोळ्यांवर गॉगल. पहिले पाच छर्रे विस्कटले. मी बंदूक स्टुलाच्या कडेवर टेकवली होती. "लाकडावर ठेवलीस तर ती उडी मारते आणि उडीबरोबर नेमही जातो. उघड्या तळव्यावर ठेव, घट्ट धरू नकोस." तळव्यावर ठेवल्यावर पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत आले. फक्त ३२ मिमी खाली, आणि थोडे डावीकडे.

माशी चुकीच्या मागे जाते, हा अण्णांचा नियम. छर्रा डावीकडे लागतोय तर माशी डावीकडे ठोकायची, खाली लागतोय तर माशी खाली न्यायची. किती, ते त्रैराशिक: ३२ गुणिले ४३०, भागिले ७५००. म्हणजे १.८ मिमी घासायची.

"एक मिमी घास आणि मार," अण्णा म्हणाले. मी त्रैराशिक करून बसले होते, मला एक मिमी कशाला? त्यांना झोप लागली होती, टीव्हीवर मालिका चालू होती. मी मापाचा व्हर्निअर लावत लावत पूर्ण १.८ घासली. शेवटचा आकडा बरोबर आला, दोनदा बघितला. मग धार लागते म्हणून कडा ऑइल स्टोनवर हलकेच फिरवल्या, आणि मारली.

छर्रे पाच मिमी वर.

माझा हिशेब बरोबर होता, माप चुकीचं होतं. कानस फिरवताना पात्याच्या कडेला बारीक बर, म्हणजे धातूची वळलेली कड, उभी राहते, डोळ्याला दिसतही नाही. व्हर्निअर त्या बरीवर टेकला होता. मी १.८ घासली समजत होते आणि खरी पाती २.१ उतरली होती. स्टोनने बर गेली तेव्हा खरं माप उघडं पडलं.

अण्णा उठल्यावर मी काही न बोलता माशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. "आता साफ आहे," म्हणाले. "तेव्हा होती का?"

दुसरी माशी करायला पुन्हा दोन संध्याकाळी गेल्या. या वेळी एक मिमी, मग बर काढून माप, मग पाच छर्रे. मग अर्धा मिमी, पुन्हा तेच. शेवटचे ०.३ मिमी घासायला सगळ्यात जास्त वेळ लागला. वरून चमकते म्हणून पात्याला उरलेल्या कापराची काजळी दिली. आता साडेसात मीटरवर काळ्या वर्तुळाच्या बुडाशी माशी टेकवली की छर्रा मधोमध जातो. अण्णांनी मात्र मारली नाही, हात थरथरतात म्हणून. ते फक्त निशाणाचे कागद मागून घेऊन मोजत होते.

पहिली माशी मी भंगारात टाकणार होते. रात्री बघते तर त्यांच्या बिस्किटाच्या डब्यात, जुन्या ड्रिलच्या शेजारी, कागदात गुंडाळून ठेवलेली. कागदावर त्यांच्या थरथरत्या अक्षरात: ०.३ कमी.